पद्माबाईंच्या काचपेट्या

पद्मा आजगावकर आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या ते १९७२ साल. हातगाडीवरून सामान आलं. एक लोखंडी खाट, एक ट्रंक, स्टोव्ह, थोडी भांडी आणि जुन्या चादरींत गुंडाळलेल्या सात पेट्या. बाकीचं सगळं हातगाडीवाल्याने उतरवलं, पण पेट्यांना बाईंनी त्याला हात लावू दिला नाही. एकेक पेटी छातीशी धरून, पायाखाली बघत, त्यांनी स्वतः आत नेली. मी माझ्या दारात उभी होते. "काचेचं सामान आहे का?" असं मी सहज विचारलं.

"हो, काचच आहे," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

काच आहे म्हणावं तर एका पेटीच्या चादरीवर ओल्या मातीचा डाग होता. तो मी पाहिला आणि संध्याकाळी घरमालकीणबाईंना सांगितला. आमच्या अंगणात पद्माबाईंबद्दलची पहिली शंका मीच आणली, हे आधीच कबूल करून टाकते.

घर आबाजींचं. चिंचवडगावातून नदीकडे जी वाट उतरते, तिच्या कडेला. पुढच्या भागात आबाजी, त्यांची बायको मंजुळाबाई आणि दोन मुलगे. मागे अंगण आणि अंगणापलीकडे ओळीने चार खोल्या. कारखाने आले, बाहेरगावची माणसं आली, तेव्हा आबाजींनी त्या भाड्याने देण्यासाठी बांधल्या. नदीकाठचं रान मात्र त्यांनी अजून स्वतःच कसायला ठेवलं होतं. म्हशींसाठी घास, पावसाळा सरला की फ्लॉवर आणि कांदा. मी शाळेत शिकवत असे, माझे यजमान प्रभाकर एका इंजिनिअरिंग कंपनीत शिफ्टमध्ये. मंजुळाबाई मला 'मास्तरीणबाई' म्हणत.

पद्माबाईंना त्यांनी 'डाक्टरीणबाई' करून टाकलं, कारण दोरीवर त्यांचा पांढरा कोट वाळत असायचा. खरं म्हणजे त्या पिंपरीच्या एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. तिथल्या प्राणिघरातले पांढरे उंदीर आणि ससे त्यांच्या देखरेखीत असत. मूळच्या सावंतवाडीकडच्या, वय छत्तीस, लग्न झालेलं नाही. बोलायला वाईट नव्हत्या, पण विचारलं तेवढंच सांगायच्या, आणि न विचारलेलं काही सांगत नाहीत म्हणजे काहीतरी लपवतात, असा आम्हा सगळ्यांचा हिशेब होता.

लपवण्यासारखं दिसतही होतं. त्यांच्या खिडकीला आतून खाकी कागद लावलेला. उघड्या दारातून कधी वास आला तर फोडणीचा नाही, पाऊस पडून गेलेल्या रानाचा. सुटीच्या दिवशी त्या हातात मलमलीची पिशवी घेऊन आबाजींच्या घासात फिरायच्या आणि वाकून वाकून काहीतरी पकडायच्या. मलेरियाची फवारणी करणारी माणसं आली तेव्हा गावातल्या सगळ्यांनी भिंती फवारून घेतल्या, पद्माबाईंनी मात्र दारात उभं राहून त्यांना परत पाठवलं. "माझ्या खोलीची जबाबदारी माझी," असं म्हणाल्या. फवारणीवाल्याने चिडून दारावर गेरूने फुली मारली. मंजुळाबाई ती फुली बघत कितीतरी वेळ उभ्या होत्या.

आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी, एक माणूस यायचा. धिप्पाड, मुंडासं बांधलेला, पायाला लाल माती. त्याच्या हातात झाकण लावलेला डालडाचा डबा असायचा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. तो डबा द्यायचा, पद्माबाई आधीचा रिकामा डबा परत करायच्या, आणि तो चहाही न घेता जायचा.

"हातभट्टीची असंल," आबाजींचा थोरला म्हणाला.

"दारूच्या डब्याला भोकं कशापायी पाडतील रं?" मंजुळाबाईंनी विचारलं. त्या आवाज खाली करून मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, त्यात जितं कायतरी असतंय. ही बाई करणी शिकती का काय, बगा जरा."

बघायची संधी मला वर्षभराने मिळाली. पद्माबाईंना ताप आला होता. तीन दिवस कंपनीत गेल्या नव्हत्या. मी पेज घेऊन गेले. त्या उठून दाराशी येण्याइतपतही बऱ्या नव्हत्या. "आत या, कडी नाही लावली," असा आवाज आला आणि मी आत गेले.

भिंतीला लागून लाकडी फळ्यांची मांडणी होती आणि तिच्यावर काचेच्या पेट्या. सातच्या आता नऊ झाल्या होत्या. प्रत्येकीत अर्ध्यापर्यंत दाबून भरलेली माती, वर कौलाचा तुकडा उपडा घातलेला, कोपऱ्यात औषधाच्या बाटलीच्या टोपणात पाणी आणि पाण्यात एक खडा. मला वाटलं, रोपं लावायची असतील. मी वाकले. कौलाच्या तुकड्याखालून एक पाय बाहेर आला. माझ्या करंगळीएवढा, करडा, केसाळ. मग दुसरा. मग तो सगळाच बाहेर आला आणि माझ्या हातातली पेज सांडली.

"घाबरू नका," खाटेवरून पद्माबाई म्हणाल्या. "कोळी आहे. ती बाहेर येऊ शकत नाही."

कोळी मी पाहिले होते, पण ते कोपऱ्यात जाळं विणणारे, झाडूने मारता येणारे. हा माझ्या तळहातावर मावला नसता. इंग्रजीत याला टारंटुला म्हणतात, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. हा जाळं लावून बसत नाही, जमिनीत बीळ करून राहतो. काही जण झाडांच्या ढोलीत राहतात. त्यांच्या दोन पेट्या उभ्या होत्या आणि त्यांत फणसाच्या झाडाची साल टेकवून ठेवली होती.

"विषारी आहेत?"

"चावली तर हात दोन दिवस सुजेल आणि ठणकेल. माणूस मरत नाही. पण चावायला आपल्याला आधी बोट घालावं लागतं."

मी मागे सरून उंबऱ्यावर बसले. जावंसं वाटत होतं, पण विचारावंसंही वाटत होतं. तापात माणूस जरा मोकळं बोलतं. पहिला कोळी कसा आला ते त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी भोसरीला एका नव्या कारखान्याचा पाया खणत होते. पद्माबाई मैत्रिणीकडून परत येत होत्या. मजूर घोळका करून उभे होते आणि एकाने फावडं उचललं होतं. त्यांनी पुढे होऊन आपला रिकामा जेवणाचा डबा त्या कोळ्यावर उपडा घातला. मुकादमाचं नाव सोपानराव. तो म्हणाला, "बाई, चावंल की." त्या म्हणाल्या, "माझ्या डब्याला चावेल." सोपानराव हसला, आणि तेव्हापासून भोसरी, चाकणच्या वाटेला, जिथे जिथे त्याची टोळी खणायला जाई, तिथे बिळात सापडलेला कोळी तो डालडाच्या डब्यात घालून पद्माबाईंना आणून देऊ लागला.

"पण पाळायचे कशाला?" मी विचारलं. "लांब कुठे सोडून द्यावेत."

"कुठे सोडू? तुम्ही सांगा जागा. पहिल्या दोन मी मोशीच्या माळावर सोडल्या होत्या. सहा महिन्यांनी तिथेही आखणी झाली आणि चुन्याच्या रेघा पडल्या. एक बीळ करायला तिला महिना लागतो. एकाच बिळात ती पंधरा-वीस वर्षं काढते."

त्या 'ती' म्हणत होत्या, कारण माद्याच जास्त जगतात. नर मोठा झाला की वर्ष-दीड वर्षात संपतो.

पेट्या त्या स्वतः बनवत. पिंपरी कॅम्पात खिडक्यांच्या काचा कापणाऱ्या दुकानात उरलेले तुकडे मिळत. ते पत्र्याच्या पट्ट्यांत बसवून कडांना लांबी, काच बसवायची ती पुट्टी, भरायची. वरचं झाकण लाकडी चौकटीचं आणि त्याला पीठ चाळायच्या चाळणीची जाळी. झाकणावर एक दगड, नेहमी डाव्या कोपऱ्यावर, कारण उजवीकडून त्या झाकण उचलत. माती आणि झाकण यांत अंतर फार ठेवायचं नाही. "काचेवर चढून वरून पडली तर पोट फुटतं. अंगाने भक्कम दिसते, पण पोट द्राक्षासारखं असतं." मातीची एक बाजू ओली, एक कोरडी. तिला हवी तिथे तिने बसावं. आणि प्रत्येकीची वहीत नोंद. कधी खाल्लं, कधी खायचं थांबली, कधी कात टाकली.

कात टाकण्याचीही एक गोष्ट त्यांनी सांगितली. पेटीत ठेवलेली पहिली मादी एका सकाळी पाठीवर उताणी पडलेली दिसली, पाय वर. मेली असं समजून त्यांनी तिला बाहेर उकिरड्यावर टाकलं. दुपारी पाहिलं तर मुंग्या लागल्या होत्या आणि जुन्या कातडीतून नवे, पांढुरके पाय अर्धे बाहेर आलेले. "कात टाकताना त्या उताण्याच पडतात. मेल्यावर पाय पोटाशी आखडतात. मला माहीत नव्हतं. माझ्या अज्ञानाने मेली ती." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी घरी आले आणि तासाभरात मंजुळाबाईंना सगळं सांगितलं. उताण्या पडलेल्या मादीचं सोडून. ते सांगितलं असतं तर त्यांना कदाचित बाईंची दया आली असती.

"कोळी?" मंजुळाबाई म्हणाल्या. "दूध देती का अंडी देती? मग कशापायी पाळायचं?" त्यांनी आबाजींच्या मागे लागून बाईंची खोली खाली करायला सांगितलं. आबाजी शांत माणूस. त्यांनी पद्माबाईंना बोलावून एकच सांगितलं, "बाई, कुनाला चावलं तर दुसऱ्या दिशी खोली सोडायची." पद्माबाईंनी मान डोलावली आणि तो विषय तिथे मिटला. मंजुळाबाईंच्या मनात मात्र मिटला नाही. म्हशीने दूध चोरलं, थोरल्याच्या बायकोला दिवस गेले नाहीत, कोंबडी आजारी पडली, की त्यांची नजर त्या खाकी कागदाच्या खिडकीकडे जायची.

१९७४च्या दिवाळीला पद्माबाई दहा दिवस आपल्या गावी, आजगावला गेल्या. कोळ्यांना दहा दिवस उपास काही जड नाही. पाणी भरून, कुलूप लावून त्या गेल्या. दुसरी किल्ली मंजुळाबाईंकडे असायची. सगळ्याच खोल्यांची असायची.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी मंजुळाबाई माझ्याकडे आल्या. "बंद खोलीत अंधार ठेवू न्हाई सणाचा. आत एक पणती ठिवून येती. तुमी चला संगं, मला एकलीला भ्या वाटतंय."

पणती हे निमित्त होतं, हे मला कळत होतं. तरी मी गेले. मलाही पुन्हा बघायचं होतं. त्यांनी एकेका पेटीवरची चादर टोकाला धरून उचलली, आत पाहिलं आणि सोडली. मी एका पेटीवरचा दगड उचलून झाकण नीट बसलंय का ते चाचपलं आणि दगड परत ठेवला. मग वळून पाहिलं तर मंजुळाबाईंनी पदराच्या गाठीतून चिमूटभर काहीतरी काढलं होतं. पांढुरकी पूड. काहीतरी पुटपुटत त्यांनी ती खोलीच्या चारी कोपऱ्यांत टाकली. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पणती न लावताच आम्ही बाहेर आलो.

पद्माबाई रविवारी परत आल्या आणि पिशवी घेऊन लगेच रानात गेल्या. एरवी त्यांना दोन तास लागायचे, त्या दिवशी अर्ध्या तासात आल्या.

"आज लवकर?" मी म्हटलं.

"आज नाकतोडे हातात येऊन बसत होते," त्या हसून म्हणाल्या. कोळ्यांसाठी काही मनासारखं झालं की त्या अशा हसायच्या.

मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा त्यांचं दार सताड उघडं होतं आणि त्या जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात वर्तमानपत्राचा कागद आणि कागदावर ओळीने सात कोळी. सगळ्यांचे पाय पोटाशी आखडलेले. तोवर पेट्या अकरा झाल्या होत्या. म्हणजे चारच जिवंत.

"काल संध्याकाळपासून थरथरत होत्या," त्या म्हणाल्या. "चालायला गेलं की तोल जात होता. मी नसताना खोलीत कोणी आलं होतं, मृदुलाबाई? या पेटीवरचा दगड उजवीकडे आहे. मी उजवीकडे कधीच ठेवत नाही."

तो दगड मी ठेवला होता. हे सांगायला एक क्षण पुरला असता. मी म्हणाले, "मंजुळाबाई गेल्या होत्या. कोपऱ्यात काहीतरी टाकताना दिसल्या. पांढरी पूड."

"तुम्ही कुठून पाहिलंत?"

"दारातून."

त्या उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि बोटाने जमीन पुसून पाहिली. बोटाला खरंच काहीतरी करडं-पांढरं लागलं. ते त्यांनी मला दाखवलं. मग सरळ अंगण ओलांडून त्या पुढच्या सोप्यात गेल्या. मी मागोमाग गेले, कारण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं.

मंजुळाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. पद्माबाईंचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही. पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"मावशी, माझ्या कोळ्यांना तुम्ही विष घातलंत?"

"इख?" मंजुळाबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्या? माज्याच घरात इख घालीन म्या?"

"तुम्ही खोलीत गेला होता. पूड टाकलीत. हे बघा बोटाला."

"गेलते. टाकला बी. पन त्यो अंगारा हाय भैरोबाचा! माज्या घराला काय बाधा नगं म्हनून टाकला. त्यानं कोळी मरत्यात व्हय?"

"अंगारा की डीडीटी, मला काय माहीत?"

"लेकराबाळांची आन घेती डाक्टरीणबाई—" असं म्हणताना मंजुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथे होते, मी पाहिलं होतं, मी बोलावं म्हणून पाहिलं. मी सुपातल्या तांदळांकडे बघत राहिले. आणि त्या बाईने, जिला मी गावभर बोलणारी समजत होते, माझं नाव घेतलं नाही. 'मास्तरीणबाई बी व्हत्या संगं' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. त्यांनी म्हटलं नाही. त्या का गप्प राहिल्या हे मी अजून कधी कधी स्वतःला विचारते.

आबाजी बाहेर आले. बायकोवर विषाचा आळ ऐकून त्यांचा शांतपणाही संपला. "महिनाअखेर खोली खाली करा," ते म्हणाले.

पुढचे दिवस अंगण एक होतं पण माणसं वेगळी झाली. पद्माबाईंनी नवं कुलूप आणलं. पाणी भरताना त्या हंड्यावर ताट झाकून तिथेच उभ्या राहायच्या. मंजुळाबाई त्यांची सावली दिसली की तोंड फिरवायच्या. आणि मी? मंजुळाबाईंनी नेहमीसारखं ताक पाठवलं, तर ते मी मोरीत ओतलं. ती पूड अंगाराच होती हे मला कुणी दाखवलं होतं? एकदा मनात आलं की ताकावरही येतं. रिकामं भांडं परत देताना मंजुळाबाईंनी आत बोट फिरवून पाहिलं. एरवी मी ते नुसतं खंगाळून देत असे, कडेला ताकाचा ओशटपणा उरायचा. त्या दिवशी संशयाने घासलेलं भांडं चकचकीत होतं. दुसऱ्या दिवसापासून ताक आलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी मी जेवून उठले तर दारात पद्माबाई. हातात ती नोंदींची वही.

"मृदुलाबाई, चार का वाचल्या?" त्यांनी विचारलं.

मला कळलंच नाही.

"खोलीत विषारी पूड टाकली असती तर सगळ्यांना लागली असती. मांडणी एक, खोली एक. मग चार का वाचल्या? मी आज वही काढून बसले." त्यांनी पान उघडलं. "या तिघी दिवाळीच्या आधीपासून खात नाहीत. कात टाकायच्या आधी त्या खायचं सोडतात. रविवारी मी यांना नाकतोडे दिलेच नव्हते. आणि ही चौथी, हिला दिला होता. मंगळवारी तिच्या पेटीत नाकतोडा तसाच मरून पडला होता, तिने तोंडही लावलं नव्हतं. बाकी सात जणींनी खाल्ले."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हातात येऊन बसत होते. उड्याच मारत नव्हते. मला कळायला हवं होतं."

आम्ही दोघी तशाच रानात गेलो. घासाच्या शेजारी, एका बांधापलीकडे फ्लॉवर होता. पानांच्या बेचक्यांत पांढरी भुकटी साठलेली होती. वाऱ्याने ती बांध ओलांडून घासाच्या कडेलाही आली होती. तिथे पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला आबाजी होते. पद्माबाईंनी विचारलं, पावडर कधी मारली.

"आधल्या शनवारी," आबाजी तुटकपणे म्हणाले. "अळी लै पडलीती. फडक्यात बांधून झटाकली. का? आता ती बी इचारून मारायची का?"

"नाही," पद्माबाई म्हणाल्या. "माझंच चुकलं. मी माझ्या हाताने त्यांना विष भरवलं."

परत येताना वाटेत मी थांबले आणि सांगितलं. दगड मी ठेवला होता. मी दारातून नाही, आतून पाहिलं होतं. मंजुळाबाईंनी मला सोबत नेलं होतं आणि मी आनंदाने गेले होते. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "त्या दिवशी त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, ते यासाठी?"

"हो."

"मग आता तुम्हीही माझ्याबरोबर चला. मी एकटी गेले तर अर्धंच होईल."

मंजुळाबाई गोठ्यात होत्या. पद्माबाईंनी जे झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं आणि हात जोडले. मग मी माझं सांगितलं. मंजुळाबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होत्या. क्षमा केली, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. भलतंच विचारलं.

"म्हंजी त्या घासावर बी पावडर पडलीया?"

"कडेला पडली आहे."

"त्यो घास मी ह्या म्हशीला घातलाय आठ दिस." त्या म्हशीकडे बघायला लागल्या. "आन फ्लावर? त्यो बाजारात गेला की बुधवारी. तुमास्नी तर सोमवारीच दिलाता मास्तरीणबाई, गड्डा. खाल्ला न्हवं?"

खाल्ला होता. रस्सा केला होता, प्रभाकर डब्यात घेऊन गेले होते. तिथे गोठ्यात आम्ही तिघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. त्या क्षणी आमच्यात कुणाला कुणाचा संशय नव्हता. सगळा संशय त्या पांढऱ्या भुकटीकडे वळला होता. मंजुळाबाईंनी त्याच संध्याकाळी आबाजींना फैलावर घेतलं. आबाजी म्हणाले, दुकानदारानं दिली, सगळं गाव मारतंय, अळी मरती म्हंजी चांगलीच असनार. पद्माबाईंनी पुडा मागून घेतला, त्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि पावडर मारल्यावर किती दिवस भाजी काढायची नाही ते सांगितलं. आबाजींनी ऐकून घेतलं. पुढे तेवढे दिवस ते थांबायचे की नाही ते मी सांगू शकत नाही. मी मात्र पुढे बरीच वर्षं फ्लॉवर मिठाच्या पाण्यात घालून तीनदा धुतला.

महिनाअखेर आली आणि गेली, पण खोली खाली करण्याचा विषय निघाला नाही. पद्माबाई राहिल्या. नवं कुलूप काढून त्यांनी जुनं लावलं. मंजुळाबाई आणि त्या मोजकं बोलू लागल्या. माझ्याशी बोलायला मंजुळाबाईंना जास्त वेळ लागला, आणि ते योग्यच होतं.

वाचलेल्या चौघींपैकी तिघींनी त्या थंडीत कात टाकली. १९७८ मध्ये सोपानरावाने एक नर आणून दिला. पद्माबाईंनी तो थोरल्या मादीच्या पेटीत पाच मिनिटंच सोडला आणि हातात पुठ्ठा धरून उभ्या राहिल्या, ती त्याला खायला धावली तर मध्ये घालायला. नर वाचला. काही महिन्यांनी मादीने रेशमासारखी पांढरी गोळी केली आणि ती पायांत धरून बसली. त्यातून पिल्लं निघाली. मसुराएवढी, फिकट. पेटी नुसती त्यांनीच भरून गेली. एवढ्यांना वेगवेगळं ठेवणं शक्यच नव्हतं.

तेव्हा पद्माबाईंना प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीत स्वतःचं घर मिळायची चिन्हं होती. त्या म्हणाल्या, इथून जायच्या आधी पिल्लं सोडायची. या वेळी जागा त्यांनी नीट पाहून ठेवली होती. देहूरोडच्या पलीकडे लष्कराच्या हद्दीलगतचा डोंगर, जिथे कारखाना यायची भीती नव्हती. एका रविवारी सकाळी पिल्लं काचेच्या बरण्यांत भरून सोपानराव, त्या आणि मी गेलो. मी पहिल्यांदाच एक बरणी हातात धरली होती. डोंगराच्या उतारावर दगडांच्या सांदीत त्यांनी मला झाकण उघडायला सांगितलं. पिल्लं बाहेर आली, क्षणभर थांबली आणि गवतात दिसेनाशी झाली. सोपानरावाने मुंडासं काढून घाम पुसला. "एवढी वर्षं मी ह्यांची घरं मोडली," तो म्हणाला, आणि मुंडासं परत बांधायला लागला.

दुपारी घरी परतलो तर मंजुळाबाई अंगणात वाटच बघत होत्या. रिकाम्या बरण्या त्यांनी एकेक करून उजेडात धरून पाहिल्या.

"सोडली समदी?"

"सोडली," पद्माबाई म्हणाल्या.

"मोजून?"

"मोजली नाहीत, मावशी. मोजता येत नव्हती."

मंजुळाबाईंनी शेवटची बरणी खाली ठेवली, एखादं चिकटून आलंय का म्हणून पद्माबाईंच्या पदरावरून, पाठीवरून हळूच हात फिरवून पाहिला, मग माझ्याही. आणि पद्माबाईंच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "मग तुमी जायच्या आदी ती खोली माज्यासंगं एकदा झाडून घेऊ. तुमी पुढं व्हा, मी मागं ऱ्हाते."